माझं मौन आणि मास्तरांचं डोकं

शिस्त म्हणजे काय, ते मला कोणी शिकवू नये! इतकी वर्षं सलून चालवतोय, पण कात्री कधी चुकली नाही. एकदाच एक कान मध्ये आला होता, तोही किरकोळ.

तर झालं काय, माझी कंबर धरली. मेहुणा हाडांचा डॉक्टर. घरचाच असल्यामुळे तपासतो कमी आणि झापतो जास्त.

"दाजी, दिवसभर एका जागी उभं राहून अखंड बडबड करता! थोडं फिरत जा, थोडं आडवं पडत जा, आणि काम करताना फक्त काम करा. लक्ष एका जागी!"

"हात्तिच्या! एवढंच ना? उद्यापासून बघच!"

मला घाईही होती. समोर नवीन सलून उघडलं होतं. सगळीकडे काचा, मऊमऊ खुर्च्या, आणि मालक एक नंबरचा घुम्या. माझी गिऱ्हाईकं तो पळवणार, या धास्तीने माझी झोप उडाली होती. म्हटलं, अंग ताजंतवानं झालं की त्याला बघून घेतो!

सकाळी सकाळी मास्तर आले. निवृत्त मुख्याध्यापक, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मी त्यांच्या गळ्यात कापड बांधलं, कात्री उचलली आणि तोंड घट्ट मिटून कामाला लागलो.

"काय, आज काय खबर?" मास्तरांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"अरे, सूनबाईंनी काल काय केलं माहितेय?"

एरवी मी कात्री खाली ठेवून ऐकलं असतं! पण नाही म्हणजे नाही. मी डोळे बारीक करून त्यांच्या टाळूवर लक्ष केंद्रित केलं. मास्तरांचा आवाज एकदम खाली आला.

"काय आहे रे तिथे?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"गाठ आहे का? स्पष्ट सांग! मी मनाची तयारी केलीय!"

मेहुण्याने शिकवला होता तसा मी एक लांब श्वास सोडला. मास्तरांना तो सुस्कारा वाटला! ते ताडकन उठले आणि अर्धं डोकं कापलेलं, गळ्यात माझं कापड, अशा अवतारात थेट दवाखान्याकडे सुटले!

मीही मागोमाग निघालो. म्हटलं, मास्तरही सापडतील आणि फिरणंही होईल. हाक मारणार होतो, पण चालताना तोंड उघडायचं नाही, श्वास नाकानेच घ्यायचा, अशी मेहुण्याची सक्त ताकीद. म्हणून हात उंचावून थांबण्याची खूण केली. हातात कात्री आहे, हे कोणाच्या ध्यानात! मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि या वयात असे पळाले की मी तोंडात बोट घातलं.

वायरमन शिडीवर चढून दिवा बदलत होता. त्याने वरून हे सगळं पाहिलं. तो ओरडला, "पळा मास्तर, पळा! याचं डोकं फिरलंय!"

मी धापा टाकत परत आलो. आता आडवं पडायची पाळी. बाकावर उताणा झालो, तोंडावर पांढरा टॉवेल ओढला आणि डोळा लागला.

जाग आली ती बायकोच्या हंबरड्याने. वायरमनने दारातून डोकावून बघितलं होतं आणि धावत जाऊन तिला सांगितलं होतं की मी गेलो!

"अहो! डोळे उघडा हो!"

"अगं, आराम करतोय!"

"हा असा? तोंड झाकून?" रडता रडता तिने मला तो टॉवेलच फेकून मारला. "जीव गेला होता माझा! आणि जरा समोर बघा!"

समोर बघितलं आणि बाकावरून उठूनच बसलो. माझं सलून रिकामं, आणि समोरच्या काचेआड माझी झाडून सगळी गिऱ्हाईकं! दवाखान्यातून परतलेले मास्तर खुर्चीत बसून उरलेलं अर्धं डोकं कापून घेत होते. संपलं! आता शटर कायमचं खाली!

मी तडक रस्ता ओलांडला, तिथल्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसलो आणि सकाळपासून कोंडलेलं सगळं भडाभडा बाहेर काढलं. कंबर, मेहुणा, टाळू, श्वास, कात्री! वायरमन हसून हसून भिंतीला टेकला. मास्तरांनी डोळे पुसले.

"गाढवा, तुझ्याकडे आम्ही नुसते केस कापायला येतो होय? घरी आमचं ऐकतंय कोण? आणि हा बाबा तर मघापासून हूं की चूं करत नाही! उद्यापासून आम्ही तुझ्याकडेच. पण तू बोल बाबा, बोलत राहा!"

मला भरून आलं. डोळे पुसायला हात वर केला, तर अंगावर कापड! आरशात बघतो तर माझे केस कापून झालेले! मी बोलत होतो तेवढ्या वेळात घुम्याने मागे उभं राहून काम उरकलं होतं. आजवर माझे केस मीच कापत आलो, घरच्या आरशात बघून.

बायको दारात आली आणि बघतच राहिली. "अगबाई! किती छान दिसताय! लग्नापासून पहिल्यांदाच दोन्ही बाजू सारख्या आल्यात!"

दुसऱ्या दिवशी माझी सगळी गिऱ्हाईकं परत आली, अगदी कबूल केल्याप्रमाणे. घुम्याने कायमचं पळवलं ते एकच. ते कोण, हे तेवढं मास्तरांना सांगू नका!