व्याह्यांच्या गाडीतला हीटर

तुम्हाला सांगतो, चाकणच्या कंपनीत मी बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आहेत. माझी पावलं वाजली की बिघडलेलं मशीन आपणहून चालू होतं, असं आमच्या खात्यात म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण अजून कोणी खोडून काढलेलं नाही!

त्यामुळे ऐन मे महिन्यात व्याह्यांचा फोन आला तसा मी पुनावळ्याहून निघालोच. माझे व्याही गेनबा, चाकणजवळच्या गावातले शेतकरी. कोंबड्यांची दोन शेडंही आहेत. त्यांनी हौसेनं एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली होती. आत पलंग, ओटा, चाकांवरचं घरच म्हणा. परवा सगळ्यांनी तिच्यातून हिमाचलला जायचं होतं आणि आतला विजेचा हीटर चालू होत नव्हता. माझी निशिगंधा त्या घरात सून होऊन जेमतेम दोन महिने झालेले. लेकीच्या सासरी इज्जतीचा प्रश्न! चप्पल काढायच्या आधीच मी जाहीर केलं, "दहा मिनिटांचं काम."

घरातून वायर ओढून गाडीला वीज दिली होती. फ्यूज पाहिला, चांगला. वीज आतपर्यंत येत होती. मग दोष बटणाचाच, असं ठरवून मी बटण उपटलं आणि वायरी थेट जोडल्या. हीटर ढिम्म. मुलीकडच्यांनी पगार विचारल्यावर मुलगा बसतो तसा गप्प.

कंपनीतल्या ज्योतीरामला फोन लावला. त्यानं काही न बघताच अर्थिंगवर बोट ठेवलं. मला लगेच पटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. गेनबांनी आणि जावई आदिनाथनं भर उन्हात अंगणात कमरेएवढा खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकला, तांब्याची पट्टी पुरली. शेजारी येऊन विचारून गेले, बोअर घेताय का. एवढं करून हीटर तसाच.

शेवटी मी गंभीर चेहरा करून निकाल दिला की आतली कॉइल जळली, आता हिमाचल पुढच्या वर्षी. गेनबा टोपी काढून पलंगावर बसले. निशिगंधा माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात विहीणबाई, सोजराबाई, बर्फ घातलेलं सरबत घेऊन आत आल्या. भिंतीवरच्या एका छोट्या खोक्यावर एकोणचाळीस आकडा उजळत होता. तो कसला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मॉडेल नंबर.

त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मगाशी अडतीस व्हता."



"आमच्या पिल्लांच्या शेडात बी असलंच खोकं हाय," त्या म्हणाल्या. "उकडाया लागलं की हीटर आपसूक बंद व्हतो. एवढ्या उन्हाळ्यात त्यो पेटंल कशाला?"

त्यांनी गार ग्लास खोक्याला टेकवला. आकडा भराभर उतरला. टक! हीटर असा सुरू झाला की जणू वर्षभराचा राग काढतोय. गेनबा ओरडले, "बंद करा!" बटण माझ्या खिशात होतं! आदिनाथनं घरात धाव घेऊन वायर उपटेपर्यंत आमचे सगळ्यांचे उकडीचे मोदक झाले होते.

जेवताना गेनबांनी मलाही हिमाचलचं आमंत्रण दिलं. माझी छाती फुगली. वाटेत काही बिघडलं तर मी आहेच, असं मी म्हणालो.

"न्हाई न्हाई, ते सोजरा बघंल," गेनबा म्हणाले. "डायवरला झोप लागू नये म्हनून कुनीतरी बोलणारं पायजे."

रजेचा अर्ज मी टाकलाय.