दगडी कोटांतील सकाळच्या फेरीची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याने बुद्धी दिली आणि ज्याने ती हिरावून नेली, त्या एकाच धन्यास दंडवत घालून लिहावयास घेतलें. शके अठराशें नव्वद, कीलकनाम संवत्सरीं, वेड्यांच्या राज्याची सुभेदारी वैद्यराज गोविंदपंत आठल्ये यांजकडे हुजुरांतून आली. राज्य म्हणावें तरी सरकारी इस्पितळच. परंतु दगडी कोट, लोखंडी दरवाजा, आंत रयत, आणि रयतेस बाहेर पडण्याची मोकळीक नाही, मग राज्यास आणखी काय लागतें?

पंत विद्येने मोठे आणि मनाने मऊ. दुसरे दिवशीं सकाळीं बायकांच्या महालीं फेरीस निघाले, तों सर्व बाया खाटांवरून उठून उभ्या राहिल्या. पंत पुढें गेले आणि बाया बसल्या, आणि थोडेंसें अंतर पडलें न पडलें तों पुन्हा उठल्या, माना झुकविल्या, नजरा कोणा चालत्या माणसाबरोबर हळूहळू सरकत गेल्या, आणि मग बसल्या. मागें तर चिटपाखरूं नव्हतें! पंतांनी महालाची जमादारीण बायजाबाई हीस पुसिलें, "ह्या दोनदा का उठतात?"

ती म्हणाली, "एकदा तुमच्यासाठी, साहेब. दुसऱ्यांदा थोरल्या साहेबांसाठी. कोट बांधला तेव्हाचे पहिले सुभेदार. एका बाईला बोलून बसले, तुला घरी पोचवल्याशिवाय हा कोट सोडणार नाही. बाई इथंच वारली. मग ते कसे सुटणार?" पंत हसले. हसावयाचें नव्हतें, पण हसले.

त्या महालीं चंद्राऊ नामें बाई होती. बाळंतपणीं मूल गेलें, तेणेंकरून भ्रम झाला, तो केव्हांच उतरला आणि डोकें तुमच्याआमच्याहून थाऱ्यावर आलें; परंतु भाऊ न्यावयास येईना. रोज केस विंचरून दरवाजाकडे तोंड करून बसे. एके दिवशीं पंतांचे पाय धरून रडूं लागली, आणि पंतांचें काळीज पाघळून तोंडून निघून गेलें, "रडू नकोस. तुला घरी पोचवल्याशिवाय मी हा कोट सोडणार नाही." बायजाबाईने कपाळास हात लाविला. "अहो साहेब, हे काय बोलून बसलात!"

मग वर्ष सरलें आणि बदलीचा हुकूम आला, आणि पंतांचें धाबें दणाणलें. स्वतः मोटार काढून चंद्राऊच्या गावीं गेले. तिचा भाऊ केरबा त्यांस बाजूस नेऊन हळूच म्हणाला, "सायब, ती मेली म्हणून गावात सांगितलंय. तेरावं घातलंय, बुंदी वाढलीया. आता जित्ती कुठनं आणू?" पंतांनी हात जोडले, मग रागें भरले, मग कायद्याचें भय घातलें, केरबा आपला खालीं मान घालून मातींत रेघा ओढीत राहिला. मग पंतांनी ती आपल्याच घरीं आणावी म्हटलें, तों पत्नी कडाडली, "वेड्यांच्या कोटातली बाई घरात? आपल्या मुलीचं लग्न व्हायचंय, काही भान आहे का?" आणि पंत गप्प बसले. हाय हाय, तेथें गप्प बसावयाचें नव्हतें!

चंद्राऊस तोंड न दाखवितां पंत दरवाजाबाहेर पडले. नव्या गावीं बंगला मिळाला, मान मिळाला. परंतु रोज फेरीच्या वेळेस हातातला चहा हातातच राही, डोळे उघडे, आणि हांक मारावी तर ओ नाही. घटकाभराने भानावर येत. खुर्चीवरून हलले नसतां वहाणांस कोटांतली तांबडी माती लागलेली असे, आणि पत्नी ती पुसून काढी आणि रडे.

इकडे कोटांत नवे सुभेदार आले. फेरीस निघाले, तों बाया तीनदां उठल्या. नव्यांनी चंद्राऊस कारण पुसिलें.

ती म्हणाली, "पयल्यांदा तुमच्यासाठी. मग थोरल्यांसाठी. आन् ते शेवटचं, ते माझं सायब. रोज येत्यात, पर माझ्याकडं काय बघत न्हाईत." मग पदर सावरून तिने पुसिलें, "सायब, तुमी न्हाई न्हवं कुणाला काय बोललासा?"

नव्या सुभेदारांनी वळून दरवाजाकडे पाहिलें. त्याच सकाळीं एक म्हातारी आपल्या लेकीस दरवाजांत सोडून रडत होती, आणि ते तिला म्हणाले होते, "आजी, काळजी करू नका. हिला मी स्वतः घरी आणून सोडतो."

ऐसी हकीकत. कोट उभा आहे, भिंतींस दरसाल चुना लागतो. पंत देहाने खुशाल आहेत. चंद्राऊ केस विंचरून दरवाजाकडे तोंड करून बसते. पाहिलें तें लिहिलें, उणेंअधिक वाचणाराने पोटांत घालावें. लेखनसीमा.