राहिला कुठं राहिला?

“पाऊस येऊन राहिला म्हन्तं, मंग राहिला कुठी? सांग न करीम!”

भिंतीपलीकडून हे ऐकून आईनं विचारलं, “कोण हरवलं गं?”

कोणीच हरवलं नव्हतं. शेजारचे वानखडे सर अकोल्याच्या करीम सरांशी फोनवर भांडत होते. दोघंही निवृत्त, दोघांचाही विषय भाषाशास्त्र. वानखडे सरांचं म्हणणं, वाक्याचा साचा आधी, अर्थ मागाहून. वऱ्हाडीत ‘येतोय’ला ‘येऊन राहिला’ म्हणतात; त्यातला ‘राहिला’ म्हणजे नुसता साच्याचा खिळा. करीम सरांचं म्हणणं, अर्थ आधी. त्या ‘राहिला’त थोडं राहणं अजून आहेच. अमरावती आणि अकोल्यामधलं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या वर्षी पाऊस खरंच आला नाही. भातकुलीकडे दुबार पेरणीही वाळली, तेव्हा वानखडे सर आभाळाकडे बघून हळूच म्हणाले, “वाक्य शुद्ध हाय. पानी नाही, ह्यात व्याकरणाचा काय दोष?”

अशुद्ध वाक्याआधी भाषाशास्त्रात चांदणीची खूण (*) काढतात. सरांनी ती साऱ्या जगाला लावली. अळणी वरणाला चांदणी, लग्नपत्रिकेला चांदणी. मी इंग्रजी शाळेतली, एकदा म्हणाले, “मी बस घेतली.”

“चांदणी! ठेवली कुठी मंग, अंगनात?”

एम.ए.चं शिकायला मी त्यांच्याकडे जायचे, ती तेव्हापासून फक्त मान हलवायला. सरांनी बोलायची सक्ती कधी केली नाही. मी लिहिलेलं मात्र फोनवर मोठ्यानं वाचून दाखवत. “ऐक करीम, पोरगी तुह्या पार्टीची हाय!” माझं मत पहिल्यांदा कानावर पडलं, ते त्यांच्याच आवाजात.

हिवाळ्यात करीम सर गेले. भिंतीपलीकडे सामसूम झाली. आईनं वरण देऊन मला पाठवलं, आणि गडबडीत मीठ घालायचं विसरली. सर फोनशेजारी बसले होते. त्यांनी एक घोट घेतला.

“चांगलं हाय,” म्हणाले.

मी तिथंच उभी राहिले.

“आता माही सगळीच वाक्यं शुद्ध, बेटा. चूक म्हननारा गेला.”

“चांदणी, सर.”

त्यांनी चमकून वर पाहिलं. “काहून?”

मी बोलले, आणि जन्मात पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलले:

“करीम सर याद येऊन राहिले ना तुमाले? मंग राहिलेच ना, सर?”