मुलाखतीआधीचा फ्लेक्स

"बाबा, मी शॉर्टलिस्ट झालेय, सिलेक्ट न्हाई!" लुंबिनी तिसऱ्यांदा ओरडली. "निस्तं मुलाखतीला बोलावलंय!"

"कळतंय की मला," साहेबराव शांतपणे म्हणाले. "पण फ्लेक्सवर शॉर्टलिस्ट बरं दिसत न्हाई. लोक इचारतेत, म्हंजी काय? कुणाकुणाला सांगत बसू?"

म्हणून मुखेडच्या बसस्टँडसमोर दहा फुटी लुंबिनी झळकली होती: 'लातूरच्या महाविद्यालयात ग्रंथपालपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' फोटो बारावीचा, खाली बावीस शुभेच्छुक. मुलाखत अजून पंधरा दिवसांवर होती.

तेवढ्यावर भागलं असतं तर कशाला बोलायचं! संध्याकाळपासून सत्कार सुरू झाले. शाळेनं केला, महिला मंडळानं केला, गल्लीनं केला. लुंबिनी दर वेळी "अजून निवड झाली न्हाई हो" म्हणायची आणि लोक "किती साधी पोरगी!" म्हणून टाळ्या वाजवायचे. देगलूरहून तर एक स्थळही आलं, नोकरीवाली सून पाहिजे म्हणून. हातातला पुष्पगुच्छ कुणाच्या तरी डोक्यात हाणावा असं तिला वाटायला लागलं.

मग तो फ्लेक्स श्रीमंतनं पाहिला. तोही त्याच जागेचा उमेदवार. त्यानं फोटो काढून थेट कॉलेजला धाडला: निवड झालीच असेल तर आम्हाला कशाला बोलावता?

लुंबिनी मुलाखतीला बसली आणि प्राचार्यांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. "आमच्या आधी तुम्हाला कुणी निवडलं, मॅडम?"

झालं! पंधरा दिवस गिळलेला संताप उसळून आला. "बापानं निवडलं, सर! गावानं निवडलं! शॉर्टलिस्ट म्हंजी दारात उभं केलं, सिलेक्ट म्हंजी घरात घेतलं, हे सांगून सांगून घसा बसला माझा. पण कुणी ऐकेल तर शपथ! मला घेऊ नका, पण त्यो फ्लेक्स तेवढा उतरवा!"

प्राचार्यांना हसू आवरेना. पुढच्या प्रश्नांची उत्तरंही तिनं त्याच तावात दिली आणि एकही चुकलं नाही. आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं.

"आई, बाबा, सिलेक्ट झाले! खरोखर!" ती अंगणातूनच ओरडत आली.

पारूबाईनं भाकरी थापता थापता मान वर केली. "हाव. समद्यायला म्हाईत हाय की."

"अगं, आज झाले!"

साहेबरावांनी धावत जाऊन दार लावलं. "हळू बोल की माय! लोकायला वाटंल, पयली नोकरी गेली."