दोन मामा, दोन कॉलम

वेबसाइटचं पान दोन सारख्या कॉलमांत विभागणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी आईला सांगितलं. आई खूश झाली. तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण कौतुक ऐकलं की मला चेव येतो. रविवारच्या आत करून देते, असंही सांगून मोकळी झाले!

प्रश्न माझ्या दोन मामांचा होता. दोघांचं मिळून चष्म्याचं दुकान. थोरले मामा डोळे तपासतात, धाकटे मामा काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. गिऱ्हाईक नक्की कोणामुळे येतं, यावरून दोघांचं असं काही बिनसलं होतं, की एकाच काउंटरच्या दोन टोकांना बसून ते गिऱ्हाइकामार्फत बोलत. त्यांना सांगा, नंबर लिहून दिलाय. त्यांना सांगा, अक्षर लागत नाही. आता तर दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालायचं ठरलं होतं. सुतार माप घेऊन गेला होता आणि आईची झोप उडाली होती. म्हणून तिने हा शेवटचा उपाय काढला होता: दुकानाची एकच वेबसाइट, दोघे भाऊ शेजारी शेजारी, रुंदीत केसाचाही फरक नाही. लोकांनी एकत्र बघितलं की एकत्र राहायची लाज तरी वाटेल, असा तिचा हिशेब.

मी पान केलं. डावीकडे थोरले, उजवीकडे धाकटे, निम्मं निम्मं. मध्ये एक नाजूक निळी रेघ ओढली, शोभेला. माझ्या लॅपटॉपवर ते इतकं देखणं दिसत होतं, की डोळे चांगले असून मलाच चष्मा करून घ्यावासा वाटला. मग थोरल्यांना पान बघायला सांगितलं.

थोड्याच वेळात त्यांचा फोन.

"मला खाली घे, असं तो स्वतः म्हणाला का गं?"

मला काही कळलं नाही. मोठ्यांचं बोलणं कळलं नाही की मी "हं" म्हणते. तसं म्हटलं.

"लहानपणी खिडकीची जागा नाही सोडली कधी त्याने," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. दुपारी आईकडून कळलं, की त्यांनी सुताराला येऊ नको म्हणून कळवलंय.

मी धावतपळत दुकानात गेले. थोरल्यांच्या टेबलावर एक पुरातन संगणक आहे. त्याचा ब्राउझरही त्याच्याच वयाचा. त्यावर पाहते तर काय, धाकटे मामा पानाच्या पार तळाशी, पत्त्याच्याही खाली! माझ्या ब्राउझरने ती निळी रेघ कॉलमच्या आत मोजली होती, या म्हाताऱ्याने बाहेर. निम्मं अधिक निम्मं अधिक रेघ, म्हणजे पानापेक्षा जास्त. धाकट्यांनी काही मोठेपणा दाखवला नव्हता. ते मावले नव्हते, इतकंच.

नशिबाने धाकट्यांनी पान अजून पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःला पत्त्याखाली पाहिलं असतं, तर प्लायवूड सोडून विटांचीच भिंत बांधली असती. मी घरी येऊन पानाची मांडणी ठरवणारी स्टाइलशीट उघडली. खाली पडतो तो नेहमी दुसरा कॉलम, म्हणून मी धाकट्यांना पहिलं केलं आणि जागा अपुरी पडली तर काय करायचं याचे दोन-चार नवे नियम घातले. म्हाताऱ्या ब्राउझरला ते नवे नियम समजलेच नाहीत. त्याने ते सरळ सोडून दिले. धाकट्या मामांच्या फोनने मात्र ते फारच मनावर घेतले.

रविवारी दोघे मामा आमच्याकडे जेवायला आले, तेही एकत्र. आई माझ्याकडे अशी बघत होती, की हीच का ती माझी मुलगी! मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते, एवढ्यात धाकटे मामा म्हणाले, दादाने मला वर बसवलं, स्वतः पत्त्याखाली गेला, मला काही सुचेनासं झालं. थोरले म्हणाले, छे, खाली तर तू गेलास. धाकट्यांनी फोन काढला. थोरल्यांनी खिशातून छापून आणलेला कागद काढला, चार घड्या घालून जपलेला. फोन आणि कागद ताटांच्या मध्ये ठेवले गेले. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. रेघ, जुना ब्राउझर, नवे नियम. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मला तर भिंत दिसू लागली.

"म्हणजे कोणीच कोणाला वर बसवलं नव्हतं," धाकटे मामा म्हणाले. आणि भावाकडे वळून त्यांनी विचारलं, "मग दादा, सुताराला नको का म्हणालास?"

"तुला तिथे तळाशी बघवेना मला," थोरले ताटाकडे बघत म्हणाले. "आणि तू एवढा वाकलास, तर मी कशाला ताठ राहू, असं वाटलं."

"मलाही तसंच वाटलं होतं."

आईने डोळे पुसले, मीही पुसले. मग थोरल्यांनी धाकट्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, धाकट्यांनी मान डोलावली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं: भिंत घालायची नाही आणि वेबसाइट दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यायची. मी आशेने आईकडे पाहिलं. कोणी विचारायच्या आतच तिने त्या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता.