पोपट हाकलायचा रेडिओ

शनिवारी दुपारी पोस्टमनने दिलेलं पाकीट सुदाम दवण्यांनी फोडलं, वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि ओसरीवर जिथे उभे होते तिथेच ते खाली बसले. तिथे त्यांच्या बायकोने, पुतळीबाईंनी, निवडायला सोडे पसरले होते.

"अवो, सोडे! सोड्यांवर बसलात!" पुतळीबाई आतून ओरडल्या.

"गुरुवारी येतोय," सुदामकाका म्हणाले.

"कोण?"

"इंजिनिअर. आपला रेडिओ बघायला."

"कंचा रेडिओ?"

हाच तर प्रश्न होता.

सुदामकाकांनी डहाणूजवळच्या झाईच्या मच्छीमार सोसायटीत तीस वर्षं आवक-जावक लिहिली. निवृत्त झाल्यावर आवक थांबली, पण जावक काही थांबेना, हात शिवशिवायचे. अशा वेळी त्यांच्या जुन्या रेडिओवर दूर दक्षिण कोकणातलं एक केंद्र सापडलं. केंद्राचं नाव सांगत नाही, तिथल्या काहीजणांना अजून सुखाने पेन्शनीत निघायचं आहे. एएमवरचं केंद्र. समुद्रावरून साडेतीनशे-चारशे किलोमीटर वाहत आलेला आवाज थेट झाईच्या ओसरीत उतरायचा. काका दर आठवड्याला केंद्राला कार्ड टाकत: 'आपले कार्यक्रम नियमित ऐकतो. आवाज घंटेसारखा स्वच्छ येतो.' गुरुवारच्या 'पत्रपेटी'त ते कार्ड वाचलं जाई. पुढे केंद्राने 'आदर्श श्रोता' असं प्रमाणपत्रही पाठवलं. काकांनी ते फ्रेम करून अशा ठिकाणी लावलं, की घरात येणाऱ्याला देवाच्या आधी ते दिसावं. गाव त्यांना रेडिओकाका म्हणू लागलं.

मग होळीच्या सुमारास तो रेडिओ मासळी खारवायच्या टबात पडला. कठड्यावर कोणी ठेवला होता, यावर घरात आजही दोन मतं आहेत. पुतळीबाईंनी त्याला दोन दिवस बोंबलांच्या शेजारी उन्हात वाळवला. वाळला छान, पण बोलेना.

काकांनी कार्डं मात्र थांबवली नाहीत. आठ महिने झाले, रेडिओ मुका आणि दर आठवड्याला आवाज घंटेसारखा स्वच्छ. 'गेल्या गुरुवारचे भजन मनाला भिडले,' असं ते बेधडक लिहीत. गुरुवारी भजन नसेल तर काय लावणी असणार?

"खोटं लिवताना हात कापत नाय तुमचा?" पुतळीबाईंनी एकदा विचारलं होतं.

"खोटं कुठं? ऐकलं असतं तर हेच लिहिलं असतं," काका म्हणाले होते, आणि अक्षर जरासुद्धा हललं नव्हतं.

आता हे पाकीट. 'आपण कळवता तसा आवाज इतक्या अंतरावरील अन्य कोणत्याही श्रोत्यास येत असल्याचे दिसत नाही. सबब आपला संच, एरियल व बसण्याची जागा पाहण्यासाठी येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता येत आहे. सायंकाळी साडेसहाचा कार्यक्रम आपल्यासमवेत ऐकण्याचा मानस आहे. प्रवीण रेवंडकर, अभियंता.'

काकांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. इंजिनिअर खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढतो, भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवतो आणि सगळ्या झाईसमोर काखोटीला मारून निघून जातो.

"बाबा, मोबाईलवर ऐका ने," त्यांची सून कल्पिता म्हणाली. ती सीमेपलीकडल्या, गुजरातेतल्या उंबरगावची, त्यामुळे तिच्या मराठीला शेवटी एक 'ने' लागायचा.

"ते केंद्र मोबाईलवर नाय. आणि तो साडेतीनशे किलोमीटरवरून माझा मोबाईल बघायला येतोय काय?"

रविवारी काका डहाणूला जिग्नेशच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात हजर झाले. जिग्नेशने त्यांच्यासमोर सात डबे मांडले. एकात दिवे लागत, एकात पेन ड्राइव्ह जाई, एकाला तर टॉर्च आणि मच्छर मारायची जाळीही होती.

"ह्यात एएम कुठाय?"

"एएम कोण ऐकतो काका आता? एफएम घ्या, चकाचक."

"मला लांबचं पकडायचंय रे. दक्षिण कोकणातलं."

"तर मग सरळ गाडीने जा ने!"

शेवटी माळ्यावरून एक लाल डबा खाली आला. त्यावर एएम असं खरंच छापलं होतं. जिग्नेशने बटण दाबलं. 'भर्रर्रर्र' असा आवाज दुकानभर पसरला.

"बघा, चालू झाला!"

"ही खरखर आहे. तुझ्या ट्यूबलाइटीची. ती बंद कर."

ट्यूबलाइट बंद झाली. भर्रर्र. पंखा बंद झाला. भर्रर्र. काकांनी शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याला फ्रिज बंद करायला लावला, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याला मशीन. अर्धी ओळ अंधारात गेली. ग्राहक बाहेर उभे राहून वीज मंडळाला शिव्या देऊ लागले. डब्याची भर्रर्र तशीच.

"काका," जिग्नेश घाम पुसत म्हणाला, "आता सूर्य बंद करू काय?"

डबा मुळातच परवडण्यासारखा होता, आणि काका जावेत म्हणून जिग्नेशने तो आणखी परवडण्यासारखा केला. "घरी ऐका. दर्यावर एकदम मस्त पकडणार," त्याने छातीठोक सांगितलं.

दर्यावर त्याने काहीही पकडलं नाही. काकांनी तो ओसरीत ठेवला, पडवीत ठेवला, माडाखाली ठेवला, उताणा ठेवला, पालथा ठेवला. एएम लावलं की त्याचे निळे-हिरवे दिवे नाचत आणि आतून पीठ चाळल्यासारखा आवाज येई. सोमवार गेला, मंगळवार गेला. काकांनी जेवण निम्म्यावर आणलं. 'तब्येत अचानक बिघडल्याने' अशा सुरुवातीचं एक कार्ड लिहून ठेवलं, पण ते पोचण्याआधी इंजिनिअर पोचला असता.

मंगळवारी संध्याकाळी घोलवडच्या बाजारातून टोपली रिकामी करून पुतळीबाई आल्या. नवऱ्याला डबा कानाला लावून डोळे मिटून बसलेला पाहून म्हणाल्या, "त्या तुक्याचा रेडिओ बरा याच्यापेक्षा."

"कोण तुक्या?"

"चिकूच्या वाडीतला राखणदार. पोपटांसाठी लावतो ना तो."

काकांनी डोळे उघडले. "अगं, तीन दिवस मी इथं मरतोय! आधी का नाय सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं?"

बुधवारी सकाळी पहिल्या एसटीने काका घोलवडला उतरले. लाल डबा पिशवीत होताच. वाडीत शिरताच त्यांना आवाज आला: खणखणीत, भरदार, शुद्ध खरखर. चिकूच्या फांदीला सुंभाने बांधलेला एक जुना, हातभर लांब, सेलवरचा रेडिओ लटकत होता. मागचं झाकण चिकटपट्टीने बसवलेलं. पण काट्याची पट्टी रुंद होती आणि तिच्यावर एएमचे आकडे टपोरे होते. आतली फेराइटची कांडी लांब असली तर लांबचं केंद्र लागतं, हे काकांना ठाऊक होतं. या रेडिओच्या पोटात ती चांगली वीतभर तरी मावत असणार.

"ह्याच्यावर गाणी नाय लागत काय?" काकांनी विचारलं.

"लागतां ना," तुक्या म्हणाला. वयाने काकांएवढाच, डोक्याला फडकं. "पन गाना लावला तं पोपट बसून आयकतात. खातात आन् आयकतात. मंग मी ही खरखर लावली. ही त्यांना नाय सोसं."

काकांनी रेडिओ सोडवून घेतला. काटा सरकवला, मग ओलं बाळ धरावं तसा दोन्ही हातांत धरून तो हळूहळू फिरवू लागले. पूर्वेला काही नाही. उत्तरेला गुजराती बाजारभाव. मग एका कोनावर, खरखरीच्या तळाशी, एक बाई मराठीत भातावरच्या किडीबद्दल बोलताना ऐकू आली. तिचा आवाज काकांनी आठ महिन्यांनी ऐकला. दर आठवड्याला तिचं कौतुक मात्र चालू होतं.

"हा मला दे, तुकाराम."

"नाय देव. शेठ आरडंल. पोपट खातील सगळा."

काकांनी पिशवीतून लाल डबा काढला आणि बटण दाबलं. भर्रर्र. दिवे नाचले. बाईचं बोलणं ऐकायला वरच्या फांदीवर येऊन बसलेले पाच-सहा पोपट किंचाळत उठले आणि थेट आशागडच्या दिशेने दिसेनासे झाले.

तुक्याने डब्याकडे पाहिलं, रिकाम्या फांदीकडे पाहिलं. "ह्याची लाईट रोज लागं?"

"रोज."

"मंग तो नेवा तुमी."

गुरुवारी दुपारी काकांनी शेवटची खबरदारी घेतली. तांब्याची लांब तार आणली, तिचं एक टोक रेडिओभोवती गुंडाळलं आणि उरलेली तार अंगणातल्या, बोंबील वाळवायच्या बांबूंच्या वलांडीवर लांबवर ताणली. अंघोळ करून येतात तो वलांडीवरच्या दोऱ्या भरल्या होत्या आणि तारेवरही ओळीने बोंबील लटकत होते, जबड्यात जबडा अडकवून.

"अगं, ते एरियल आहे!"

"मना काय ठाव? दोरी दिसली, घातले. मासळी काय तुमच्या साहेबाची वाट बघंल?"

काढायला वेळच मिळाला नाही. इंजिनिअर चारऐवजी तीनलाच आला. पन्नाशीचा, बारीक, आणि काकांना नवल वाटलं ते हे, की त्यांच्यापेक्षाही घाबरलेला. त्याने रेडिओ उलटासुलटा पाहिला, त्याला अजून लोंबणारा सुंभ पाहिला, मग अंगणात जाऊन तारेखाली उभा राहिला. बराच वेळ.

"हे बोंबील कशासाठी?"

काकांच्या तीस वर्षांच्या जावकीने दगा दिला नाही. "पूर्वापार आहेत," ते म्हणाले.

रेवंडकरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

साडेसहा वाजले. काकांनी घरातले दिवे, पंखा, कल्पिताचा चार्जर, सगळं बंद करायला लावलं. रेडिओ दर्याकडे वळवला. पुतळीबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या. नुसती खरखर. काकांनी रेडिओ बोटभर फिरवला. खरखर. आणखी अर्धं बोट. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बघायचं त्यांनी टाळलं.

आणि मग, एखादी होडी धुक्यातून वर यावी तसा तो आवाज वर आला: "...आता काही निवडक पत्रं. झाईहून आपले आदर्श श्रोते सुदाम दवणे लिहितात, आवाज घंटेसारखा स्वच्छ..." पुढचं वाक्य खरखरीने गिळलं.

"लागलं!" काका ओरडले. "साहेब, लागलं!"

रेवंडकर पांढरेफटक पडले होते.

"हे कसं शक्य आहे?" ते पुटपुटले. "काका, खरं सांगू? तुम्ही थापा मारता याची मला खात्री होती. म्हणून तर आजवर मी निर्धास्त होतो; थापाड्या माणूस आवाज बिघडल्याचं कधी कळवत नाही."

पुतळीबाईंनी पदर तोंडावर आणखी घट्ट दाबला.

मग सगळं बाहेर आलं. होळीनंतरच्या अवकाळी पावसात वीज पडून केंद्राचं यंत्र भाजलं होतं. तेव्हापासून ते पाव ताकदीवर चालू होतं. शेजारच्या तालुक्यातसुद्धा ऐकू जात नव्हतं. नवे भाग मागितले तर वरचे म्हणाले असते, एवढा खर्च कशाला, केंद्रच बंद करा. त्यामुळे रेवंडकर दर महिन्याला 'प्रसारण उत्तम' असं कळवत आणि पुरावा म्हणून झाईची कार्डं जोडत.

"फाइलीत तुमचीच चौतीस कार्डं आहेत," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाचं एकही नाही. आता दुसऱ्या एका बंद झालेल्या केंद्राच्या यंत्राचे भाग मिळतायत, दोन-तीन महिन्यांत. तोपर्यंत तुम्ही लिहिणं थांबवू नका, एवढंच सांगायला आलो. पत्रात कसं लिहिणार हे? आणि इथे बघतो तर... खरंच लागतंय! खाऱ्या पाण्यावरून लहर चांगली सरकते, मान्य. पण एवढी?" त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "त्या बोंबलांचं काहीतरी आहे."

काकांच्या छातीवरचा दगड असा काही उतरला की ते उठून आत गेले आणि आठ महिन्यांतलं पहिलं खरं कार्ड भर्रकन लिहून घेऊन आले. 'आज सायंकाळी आपला कार्यक्रम पोपट हाकलायच्या रेडिओवर, बोंबील लावलेल्या तारेच्या साहाय्याने, बोटाबोटाने फिरवून ऐकला. खरखर पुष्कळ होती, पण शब्द कळले. फार आनंद झाला.'

रेवंडकरांनी ते दोनदा वाचलं आणि मोठ्या अदबीने परत केलं.

"हे नको काका. सगळं खरं आहे ना, म्हणूनच नको. वरचे साहेब म्हणतील, श्रोता वेडा आहे. मग आधीची चौतीस पण जातील. आपलं नेहमीचं द्या."

जाताना त्यांनी तारेवरचे, अजून पुरते न वाळलेले डझनभर बोंबील कागदात बांधून घेतले. प्रयोगासाठी.

काका नवं कार्ड घेऊन ओसरीत बसले. 'आपले कार्यक्रम नियमित ऐकतो,' इथपर्यंत लिहिलं. मग पेन थांबलं. 'आवाज' लिहिलं, पुन्हा थांबलं. पुतळीबाईंनी डोकावून पाहिलं तर अक्षर पार वाकडंतिकडं झालेलं.

"लिवा की घंटेसारखा स्वच्छ," त्या म्हणाल्या. "आठ महिने लिवलंत. आज काय झालं हाताला?"

"अगं, तेव्हाचं वेगळं होतं," सुदामकाका रडवेल्या सुरात म्हणाले. "आता मी ऐकलंय ना!"