दिव्याच्या अवसेस विलायती एलचा मुक्काम जाहला, ते समयीची हकीकत

कुलस्वामिनीचे चरणी माथा ठेवून, घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढ वद्य अमावास्या, रविवार, ते दिवशीचे वर्तमान. राजे त्रिंबकराव तरुणपणी बारा वर्षे विलायतेत राहिले, आणि तेथील एल नामे तांबूस बिअर, जी बर्फाविण तळघराच्या गारव्यातच प्यावी, ती त्यांचे जिवास जडली. मग समुद्रापार या उष्ण मुलुखी येऊन राज्य थाटिले, आणि येथे सर्वत्र पिवळी, दात शिवशिवावे ऐसी बर्फगार बिअर मिळे, ती राजे एक घोट घेऊन खाली ठेवीत आणि उगाच खिडकीबाहेर पाहत. राणीसाहेब वेणूबाई नित्य व्रतस्थ, मद्यास बोट न लावणाऱ्या. परंतु ते पाहणे त्यांस सोसवेना. येथे आले त्याच वर्षी त्यांनी गूळ सोडिला, आणि का, ते कोणास सांगितले नाही. नऊ वर्षे लोटली.

मग ते दिवशी सकाळी राजांचे धाकटे चुलतबंधू दिवाण भास्करपंत दूरच्या बंदरी एका दुकानाचे मागल्या फळीवरून त्याच एलची एकुलती बाटली घेऊन आले, आणि आनंदाचे भरात ती डोक्यावर नाचवीत गर्जले, "वहिनीसाहेब, गड घेतला!" आणि उजेडात धरिली, तो आत सगळे गढूळ. पंतांचे तोंड उतरले. "नासली हो! ओतून टाकतो, दादांना कळायलाच नको." आणि उद्यापासून श्रावण, दरबारी महिनाभर मद्य वर्ज्य, आणि बाटलीवरील मुदत श्रावणातच सरणार, म्हणजे आज नाही तर नाहीच. तेव्हा राणीसाहेबांनी पदरास हात पुसून बाटली जन्मात प्रथमच हाती घेतली, निरखिली, आणि हळूच म्हणाल्या, "पंत, रोज विरजण लावते मी. हे नासलेलं नाही, जिवंत आहे. तुम्ही ताकासारखं घुसळलंत, म्हणून तळचं वर आलं. बसू द्या."

"मग बर्फात ठेवू?"

"बर्फ नऊ वर्षं पाहिला की!"

मग ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली मातीच्या माठाशेजारी उभी केली, आणि पंतांस पहाऱ्यास बसवून बजाविले, "हलवलीत तर दिवे खायला मिळायचे नाहीत."

आणि सायंकाळी घरचे सर्व दिवे घासून पाटावर मांडिले, पूजा जाहली, गुळाच्या कणकेचे दिवे उकडून वर तूप घातले. आणि मग राणीसाहेबांनी, तूप ओतताना बेरी खाली राखावी तैसी, बाटली न हलविता एल पेल्यात ओतिली. गाळ बाटलीतच राहिला, पेला मधासारखा नितळ जाहला. राजांनी घोट घेतला आणि डोळे मिटिले.

"दादा, बोला की काहीतरी! दिवसभर माठाची राखण केलीय."

"हीच," राजे वदले, आणि दुसरा घोट घेतला.

मग राणीसाहेबांनी देवीस हात जोडिले, आणि कणकेचा एक दिवा मोडून तोंडी घातला.

"अहो वहिनीसाहेब, गूळ आहे त्यात! तुम्हाला चालत नाही ना?"

"आजपासून चालतो."

राजांनी पेला खाली ठेविला आणि राणीसाहेबांकडे पाहिले. मग आपल्या ताटातला दिवा उचलून त्यांचे ताटी वाढिला, वर तूप घातले.

येणेप्रमाणे मोहीम एके बाटलीत फत्ते जाहली. देवीचे उपकार, माठाचे उपकार. गूळ गोड लागला.